तीस पावलांवरची रेघ

१ जानेवारी २०२५, बुधवार

आशिषने आज ऑफिसात सगळ्यांना नव्या वर्षाच्या डायऱ्या वाटल्या. वर कंपनीचं सोनेरी नाव आणि प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेलं, ‘सुरक्षा सर्वोपरि’. छापायला काय जातं! तीनशे पासष्ट वेळा छापलंय आणि साइटवर माणसं नऊ, मास्क पाच. तरी डायरी घेतली, कारण कागद चांगला आहे.

एकोणीस वर्षं मी या कंपनीत कोटेशन टाइप केली. दिवाळीत एका कोल्ड स्टोरेजचं मोठं काम मिळालं आणि त्यांच्या विमा कंपनीने अट घातली, की रोज सकाळी परमिटच्या कागदावर सेफ्टी ऑफिसरची सही हवी. सही नसेल तर काम बंद. मग आशिषने मला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं आणि एक पिवळं हेल्मेट दिलं. कंपनी आशिषची, आणि आशिष म्हणजे शामचा, माझ्या नवऱ्याचा, धाकटा आतेभाऊ. घरी मी त्याला भाऊजी म्हणते, ऑफिसात सर. “वहिनी, तुम्ही बस साइन करत जा, टेन्शन नका घेऊ,” म्हणाला. मी भांडत नाही असा त्याचा समज आहे. शामला एकदा विचारायला हवं होतं त्याने.

४ जानेवारी, शनिवार

इंदूरबाहेर, राऊच्या पुढे आमची साइट. बटाटा ठेवायचे चार चेंबर, प्रत्येक तीन मजली उंच, खिडकी एकही नाही. दोन झाले, तिसऱ्यात काम चालू आहे. आतला गारवा टिकावा म्हणून भिंतींवर फोम मारायचा. दोन ड्रम असतात, एकात काळपट द्रव, दुसऱ्यात पिवळसर. दोन्ही पाइपांतून येऊन फवारायच्या बंदुकीच्या तोंडाशी एकमेकांना भेटतात आणि भिंतीवर पडल्या पडल्या फुगतात. बघायला फार मजा येते. पण काळ्या ड्रमातल्या द्रवाची जी वाफ आणि तुषार उडतात ते छातीला वाईट. ट्रेनिंगवाल्याने सांगितलं होतं, की याचा वास आला म्हणजे आधीच खूप उशीर झालेला असतो. हे एक वाक्य मी वहीत दोनदा लिहून घेतलं होतं.

बंदूक उदयसिंहजींच्या हातात. उदयसिंह जाधव, वय पन्नाशीचं, पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते म्हणे. ते खरं असो नसो, गलमिश्या मात्र पूर्ण घोडदळाच्या. मास्क त्या गलमिश्यांवर बसतो तो नुसता टेकतो. मी म्हटलं, “उदयसिंहजी, कडेने हवा जात असणार.” तर म्हणाले, “मॅडमजी, दाढी काढली तर घरचे ओळखणार नाहीत. आणि अपने को कुछ नहीं होता. शिफ्ट संपली की गुळाची डली खातो, सगळं साफ.” सगळेच खातात. गुळाचा डबा कंपनीच्या खर्चाने येतो, आणि आशिष त्याला सेफ्टी बजेट म्हणतो.

मी मात्र बाहेर खुर्ची टाकून बसणाऱ्यातली नाही. माणसं आत तर ऑफिसर आत. रोज दोन तास उभी राहते, मास्क लावून.

५ जानेवारी, रविवार

दिवाळीपासूनचा माझा रविवारचा कार्यक्रम. पाचही मास्क घरी आणायचे, साबणाच्या पाण्याने धुवायचे, आणि त्यांचे दोन्ही बाजूंचे गोल फिल्टर काढून गच्चीवर उन्हात ठेवायचे. आधी ते एका खोक्यात कोंबलेले असायचे, घामट वास मारायचे. आता आठवड्याला कडक ऊन खातात. आज शेजारी पापडही होते. फोटो काढून साइटच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘स्वच्छ मास्क, स्वस्थ इंदूर’. लक्ष्मणने, म्हणजे उदयसिंहजींच्या मदतनीसाने, तीन टाळ्या पाठवल्या. आशिषने अंगठा.

छत्रीबागेतल्या या घराचं एकच सुख, गच्चीवर दिवसभर ऊन.

८ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी खोकला. शाम स्वयंपाकघरात प्रयोग करत होता, सुक्या मिरच्यांची फोडणी. “तुला मारायचा प्लॅन नाही माझा, डाळच करतोय,” म्हणाला. तो मात्र एकदाही खोकला नाही. लोखंडाची छाती आहे त्याची.

१० जानेवारी, शुक्रवार

आज परत. खान नदीवरून वारा सुटला की असंच होतं. शहराला स्वच्छतेची बक्षिसं मिळतात ती या नाल्याला दाखवली पाहिजेत एकदा.

उदयसिंहजीही खोकतात, पण त्यांचं निराळं आहे. जिना चढताना मध्ये थांबतात आणि भिंत तपासत असल्यासारखं करतात. मी दोनदा पाहिलं. आशिषला सांगितलं तर म्हणे, “बिडी असेल, वहिनी.” ते बिडी ओढत नाहीत. मी नऊ आठवडे रोज त्या माणसाबरोबर उभी आहे, मला माहीत आहे.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीला जोडून तीन दिवस महेश्वरला जाऊन आलो. घाटावर बसले, तिळगूळ वाटला, चिक्कार बोलले. खोकला शून्य. नर्मदेची हवाच वेगळी. शामला म्हटलं रिटायर झालो की इथेच राहू. म्हणाला, “तू तिथेही कोणाला तरी हेल्मेट घालशील.”

१६ जानेवारी, गुरुवार

काल इंदूरला आलो आणि आज संध्याकाळी खोकला हजर. तिळगुळातले तीळ घशाला लागलेत बहुतेक.

१७ जानेवारी, शुक्रवार

उदयसिंहजी पडले.

तिसऱ्या चेंबरमध्ये परांचीच्या वरच्या फळीवर होते. बंदूक बंद केली, नीट हूकला अडकवली, मग बसले आणि बसलेले उठेनात. छातीतून शिट्टी वाजावी तसा आवाज. लक्ष्मण आणि मी त्यांना धरून खाली आणलं. ओठ निळसर झाले होते. आशिषची गाडी दारात उभी होती, मी ड्रायव्हरला विचारलंही नाही, नुसतं आत कोंबलं आणि “चल” म्हणाले. वाटेत उदयसिंहजी माझा हात धरून एवढंच म्हणत होते, “पाइप धुवायचा राहिला, मॅडमजी, जाम होईल.”

ऑक्सिजन लावलाय. वाचले. आशिष फोनवर म्हणाला, “थंडीचा अटॅक असेल. चार नंबर सोमवारपासून सुरू करायचाय, आलू फेब्रुवारीच्या वीस तारखेला येतोय.”

१८ जानेवारी, शनिवार

हे लिहायला हात तयार नाही, पण लिहिते.

छातीच्या डॉक्टर मंजिरी देव. माझ्याच वयाच्या, बोलणं मोजकं. मी ड्रमावरचे कागद सगळे घेऊन गेले होते, ते त्यांनी नीट वाचले. मग मास्कचं विचारलं. मी ऐटीत सांगितलं, दर रविवारी धुते, फिल्टर उन्हात वाळवते. फोटोही दाखवला, पापडांसकट.

त्यांनी फोटो बोटाने मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, “यामिनीताई, ती गोधडी नाही.”

फिल्टरात कोळसा असतो. तो वाफ धरतो, आणि भरला की भरला. उन्हाने रिकामा होत नाही. उघड्यावर ठेवला तर हवेतलं जे मिळेल ते पीत बसतो. पाकिटात बंद ठेवायचा, तास मोजायचे आणि फेकून द्यायचा. आणि या वाफेचा वास वेळेत येतच नाही, त्यामुळे फिल्टर संपला हे घालणाऱ्याला कळतसुद्धा नाही. वर बंद खोलीत फोम मारायचा तर असले मास्क पुरतच नाहीत. बाहेरची ताजी हवा पाइपातून आत देणारा टोप लागतो, डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारा.

दहा रविवार. दहा रविवार मी मेलेले फिल्टर चमकवून माणसांच्या तोंडावर बांधले. खोक्यात घामट पडले असते तर निदान कोणी विश्वास तरी ठेवला नसता.

आई करायची, सासूबाई करायच्या, जे जे कुबट ते उन्हात टाक. मी विचारसुद्धा केला नाही. मला माझाच भयंकर राग आलाय.

२० जानेवारी, सोमवार

चार नंबरच्या परमिटवर सही केली नाही.

आशिष साइटवरच होता. मी सांगितलं, ताज्या हवेचे टोप, हवा बाहेर ओढणारा मोठा पंखा, फवारणीच्या वेळी बिनटोपाचा एकही माणूस आसपास नाही, आणि काम झाल्यावर पूर्ण एक दिवस चेंबर बंद. हे आलं की सही. तो हसला. “वहिनी, आपण काय रॉकेट बनवतोय क्या?” मी म्हटलं, “सर, रॉकेटवाल्यांना हवा मिळते.” मग हसायचा थांबला.

परमिटचं पुस्तक पर्समध्ये घालून रिक्षाने घरी आले. हेल्मेट डोक्यावरच राहिलं होतं. बडा गणपतीपाशी सिग्नलला लोक बघत होते. बघोत.

२१ जानेवारी, मंगळवार

आशिष घरी आला, जिलबीचा पुडा घेऊन. शामसमोर मला पाच मिनिटं वहिनी-वहिनी केलं. शाम चहा करायला गेला तसा आवाज बदलला.

“एक बात सांगा, फिल्टर उन्हात कोणी टाकले? फोटो आहे ग्रुपवर, तुम्हीच टाकलाय. उद्या इन्क्वायरी झाली तर नाव तुमचंच येणार. मी तर तुम्हाला वाचवतोय, भिया.” रागात त्याचं असंच होतं, मलाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो.

मी खरंच घाबरले. खोटं कशाला लिहू? तो खोटं बोलत नव्हता ना. मी जिलबीकडे बघत बसले. एक क्षण वाटलं, करून टाकावी सही, एकच चेंबर उरलाय.

मग त्याने जाताना म्हटलं, “उदयसिंहच्या जागी लक्ष्मणला बंदूक देतो. जवान है.” लक्ष्मण अठ्ठावीसचा आहे. त्या वाक्याने माझं ठरलं. जिलबी तशीच परत हातात दिली. शाम चहा घेऊन आला तेव्हा जिनाच वाजत होता.

२२ जानेवारी, बुधवार

अर्ज पाठवला. कोल्ड स्टोरेजच्या मालकांना, विमा कंपनीला, फॅक्टरी इन्स्पेक्टरला. पहिलंच वाक्य असं: ‘दहा रविवार मी, यामिनी शाम खेर, सेफ्टी ऑफिसर, मास्कचे फिल्टर माझ्या गच्चीवर उन्हात ठेवून निकामी केले आणि तेच नऊ माणसांना वापरायला दिले.’ खाली पापडांचा फोटो मीच जोडला. घे आता, आशिष, दाखव कोणाला दाखवायचा तो. पुढे सगळं लिहिलं: किती मास्क, किती माणसं, पंखा नाही, टोप नाही, गुळाचा डबा.

शामने दोनदा वाचलं. मग म्हणाला, “शुद्धलेखन चांगलं आहे.” त्याचे डोळे ओले होते.

दुपारी साइटच्या गेटवर जाऊन माणसांना तेच वाचून दाखवलं. मला वाटलं शिव्या देतील. दोघांनी दिल्याही. काम बंद पाडलं म्हणून, फिल्टरांसाठी नाही. लक्ष्मण म्हणाला, “मॅडम, फिल्टर का भरोसा किसको था? उदयसिंहजींनी सांगून ठेवलं होतं, मॅडम खोकल्या की गपचूप बाहेर निघायचं. तुम्ही तिसऱ्या-चौथ्या वेळी खोकलात की आम्ही सगळे चाय के बहाने बाहेर.”

मला हसू आलं. चला, माझ्या नाजूक घशाचा कोणाला तरी उपयोग झाला.

२५ जानेवारी, शनिवार

पाच दिवस साइटच्या आत पाऊल नाही, आणि खोकलाही नाही. आशिषशी एकदाचं भांडले त्याने छाती मोकळी झाली असावी. हे आधीच करायला हवं होतं.

उदयसिंहजी घरी आलेत म्हणून जुनी इंदूर मोहल्ल्यात त्यांना बघायला गेले. ज्यांनी दार उघडलं त्यांना मी खरंच ओळखलं नाही. गलमिश्या साफ. गालांवर दोन गोरे पट्टे, लहान मुलासारखे. म्हणाले, “आता मास्क फिट बसेल, मॅडमजी. सोमवारी येतो. आशिष सरांना सांगा, पोराला बंदूक नका देऊ, त्याचा हात अजून हलतो.”

पण ज्या टोपासाठी भांडतेय तो डोक्यावरून येतो, त्याला गाल कोरे लागतच नाहीत. आणि डॉक्टर म्हणाल्यात, की एकदा ही वाफ छातीने ओळखली की पुढच्या वेळी थोडीशीही पुरते. उदयसिंहजींनी आयुष्यात परत त्या बंदुकीजवळ जायचं नाही.

सांगितलं. दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते गालावरून हात फिरवत राहिले. “म्हणजे फुकट काढली,” एवढंच. मग पंधरा वर्षं केलेल्या कामाचं न बोलता आम्ही दाढीवरच बोललो, किती दिवसांत परत येते वगैरे. बाहेर येऊन मी गल्लीत उभी राहून रडले आणि मग आशिषला फोन करून आणखी एक अट वाढवली. टोपांना हवा देणारं मशीन बाहेर असतं, त्यावर सारखा एक माणूस लागतो. तो माणूस उदयसिंह जाधव, आहे त्या पगारावर. त्याशिवाय सही नाही.

“और कुछ?” म्हणाला तो.

“आठवलं की सांगते,” म्हटलं.

३० जानेवारी, गुरुवार

डॉक्टर मंजिरींनी उदयसिंहजींच्या केससाठी तारखा मागितल्या होत्या, केव्हापासून दम लागत होता वगैरे. मी ही डायरीच नेऊन दिली होती. आज परत घ्यायला गेले. त्यांनी पानापानावर पेन्सिलने खुणा केल्या होत्या. मी बघितलं तर उदयसिंहजींचं नाव जिथे होतं तिथे एखाद-दुसरीच. बाकीच्या सगळ्या खुणा माझ्या मिरच्यांना, माझ्या खान नदीला, माझ्या तिळांना.

“महेश्वरला तीन दिवस खोकला नाही,” त्या म्हणाल्या. “साइट बंद झाली, खोकला नाही. लक्ष्मणला कळलं होतं. शामरावांनाही कळलं असणार, त्यांना विचारा.”

मला एका नळीत फुंकायला लावलं. मग बारीक फवाऱ्याचं औषध दिलं आणि परत फुंकायला लावलं. दुसरा आकडा खूप वर गेला. मला आनंद झाला. त्यांना झाला नाही. औषधाने इतका फरक पडतो, म्हणजे आधी छाती आवळलेली होती.

मीसुद्धा. उदयसिंहजींना जे झालंय त्याची सुरुवात माझ्यात आहे. त्यांनी ती नळी घरी दिलीय, दिवसातून चार वेळा फुंकून आकडा लिहायचा, आणि खोकला आला की तोही. “पण यामिनीताई, एक करा. कारण लिहू नका. तुमची कारणं फार सुंदर असतात. फक्त वेळ लिहा.”

शामला विचारलं. म्हणाला, डिसेंबरपासून वाटत होतं, पण तू इतक्या खुशीत जायचीस त्या हेल्मेटमध्ये. मी त्याच्याशी दोन तास बोलले नाही. फोडणीला मी त्याला इतकं बोलले आणि हा माणूस गप्प.

३ फेब्रुवारी, सोमवार

आशिषला बातमी लागली. फोनवर अगदी गोड: “वहिनी, तब्येत पहिले. तुम्ही रिझाइन द्या, मी दुसरा ऑफिसर बघतो.”

बघ की. नवा माणूस ट्रेनिंग घेईल, विमा कंपनी त्याचे कागद तपासेल, तोवर बटाट्याला कोंब फुटतील. आज विमा कंपनीचं पत्र आलं, माझ्या चारही अटी तशाच्या तशा त्यात आहेत. कोल्ड स्टोरेजचे मालक आशिषला फोनवर काय बोलले ते लक्ष्मणने ऐकलं, पण मला सांगायला लाजला.

मी आशिषला म्हटलं, “डॉक्टरांनी मला आत जायला बंदी केलीय, सही करायला नाही.”

६ फेब्रुवारी, गुरुवार

टोप आले. पीथमपूरच्या एका कंपनीकडून भाड्याने, तीन. पंखाही आला, छोट्या टेम्पोएवढा. लक्ष्मणने टोप घालून मोबाइलवर स्वतःचे फोटो काढले. म्हणाला, आत एकदम एसी जैसा लगता है.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज चार नंबर.

सकाळी दारापासून तीस पावलं मोजली आणि चुन्याची रेघ मारली. रेघेच्या आत जाणार तो टोप घालून. रेघेच्या बाहेर हवेचं मशीन, त्याच्याशेजारी खुर्चीवर उदयसिंहजी, एक डोळा हवेच्या दाबाच्या काट्यावर, एक हात आतल्या माणसांच्या दोरीवर. गालांवर पांढरी खुंटं आलीत. त्यांच्या शेजारी माझी खुर्ची. बाहेर खुर्ची टाकून बसणाऱ्यांना मी काय काय म्हणायचे, ते आठवलं. परमिटवर सही केली, वेळ टाकली. डायरीतल्या ‘सुरक्षा सर्वोपरि’च्या बरोबर वर कागद धरून केली, मुद्दाम.

पंखा सुरू झाला. लक्ष्मण आत गेला. उदयसिंहजींना इथून काही दिसत नव्हतं, तरी नुसत्या आवाजावरून म्हणाले, “हळू मार रे, पातळ थर दे.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “चांगला मारतोय.”

तेवढ्यात आशिष आला, कोल्ड स्टोरेजच्या मालकांना काम दाखवायला. फोन कानाला, मालक दोन पावलं मागे, आणि तो चालत सरळ रेघ ओलांडून दाराकडे. टोप नाही, रुमालसुद्धा नाही.

“आशिष! मागे हो!”

भाऊजी नाही, सर नाही. लग्नानंतरच्या चोवीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज इतका मोठा निघाला, की मालक जागच्या जागी थांबले आणि उदयसिंहजी खुर्चीवरून उठले. आशिष वळला. चेहरा लाल. काहीतरी बोलणार होता. मी बोट रेघेकडे दाखवलं आणि दाखवतच राहिले. तो सगळ्यांसमोर मागे आला. बुटाला चुना लागला होता, तो झटकत रेघेच्या या बाजूला, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि जाईपर्यंत तिथेच उभा होता.

ओरडल्यावर मला खोकला आला. दहा वाजून चाळीस मिनिटं.